शनिवारच्या बारा खुर्च्या

आमच्या मुकोनो गावात कोणाच्या घरी किती माणसं जमणार आणि कशासाठी, हे मला खुर्च्यांवरून कळतं. चाळीस वर्षं मांडव आणि खुर्च्या भाड्याने दिल्यात, उगाच नाही. तीनशे मागितल्या आणि आवाज खाली असला, तर मयत. तीनशे मागून वर "पुसलेल्या पाठवा हं" असं ऐकवलं, तर मुलीची बोलणी. आठच खुर्च्या, त्याही सकाळी सातला, म्हणजे भावाभावांत केळीच्या बागेचा बांध पेटलाय. पण बारा? दर शनिवारी, दुपारी तीन ते पाच? आणि मागणारी कोण, तर माझी शेजारीण नालोंगो तिओपिस्ता, जिच्या घरी चहाचा दुसरा कप वर्षातून दोनदा खाली उतरतो!

"प्रार्थनेचं मंडळ आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"भिशी?"

"नाही."

"मग ते वजन उतरवायच्या पावडरी विकणारे असतील."

"एरास्तो," ती म्हणाली, "तुला खुर्च्या द्यायच्यात की माझी जबानी घ्यायचीये?"

खुर्च्या दिल्या. पण मला चैन पडेना. माझं गोदाम आणि तिचं अंगण यांच्यामध्ये फक्त एक बोरूचं कुंपण आहे. शनिवारी तीन वाजता मी गोदामाच्या पायरीवर मक्याचं कणीस घेऊन बसलो आणि पाहात राहिलो. एकेक गाडी यायला लागली. आधी दातांची डॉक्टर प्रॉसी. मग कोर्टात काळा कोट घालणारी एक. मग पुलांचे नकाशे काढणारी एक, काखेत नळीसारखं भेंडोळं. सगळ्या शिकल्यासवरल्या, टाचांचे बूट घातलेल्या. सगळ्यात शेवटी चिखलाने माखलेली एक छोटी मालगाडी आली. तिच्यातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून उतरली डॉक्टर एदिसा नाकिगोझी, आमच्या भागातली गुरांची डॉक्टर. अंगणाच्या दारात बूट काढून ती अनवाणी आत गेली.

आणि थोड्या वेळाने आतून नालोंगोचा आवाज आला, चांगला खणखणीत. "ही मुलगी आम्ही का म्हणून घ्यावी? हिचे हात बघा, कोपरापर्यंत शेण!"

मग बायकांचं हसणं. मग कुणीतरी आनंदाने जिभेची किलकिली केली.

माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं. बोलणी चालली होती! पण नवरा कुठे होता? त्याने आणायच्या बकऱ्या कुठे होत्या? आणि मला न सांगता बोलणी?

पुढचं सांगण्याआधी नालोंगोबद्दल दोन शब्द सांगतो. तिला ते आवडणार नाही, म्हणून तर सांगतो.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. बबिर्ये आणि नाकातो या दोन मुली झाल्या त्या दिवसापासून तिला तिओपिस्ता म्हणून हाक मारायची हिंमत फक्त पोस्टमास्तरने केली. तीस वर्षं ती पोस्टात तिकिटं विकायची. ती खिडकी इतकी लहान होती, की गावाने तीस वर्षं तिचं फक्त तोंडच पाहिलं. नवरा लवकर गेला. मुली शिकल्या, लग्न करून पांगल्या. निवृत्त होऊन ती गप्प बसली असती. पण भाचीच्या बोलणीला जो बोलणारा ठरवला होता, तो सकाळपासून केळ्याची दारू पिऊन वरपक्षाऐवजी बकऱ्यांनाच राम राम करत होता.

आमच्याकडे बोलणीत मुलगा तोंड उघडत नाही. तो पांढरा झगा घालून मित्रांमध्ये मुकाट बसतो. मुलगी घरात पडद्यामागे. बोलतात ते दोन्ही पक्षांनी ठरवलेले बोलणारे. दोन-दोन तास भांडतात, टोमणे मारतात, नडतात, सोडवतात. आपलं कौतुक आपल्याच तोंडाने करणं आमच्याकडे अंगाला काटा आणणारी गोष्ट आहे. त्यासाठी दुसऱ्याचं तोंड भाड्याने आणायचं, माझ्या खुर्च्यांसारखं.

तर त्या दिवशी बोलणारा कोसळला, आणि मांडवातून नालोंगो उठली. खांद्यावर टोकं काढलेली गोमेसी, कमरेला तो रुंद पट्टा, हातात पर्स. सगळ्यांना वाटलं, ही आता माफी मागणार. तिने तासभर वरपक्षाचा भुगा केला.

तेव्हापासून वधूपक्षाला तीच हवी असायची. मी तिचं बोलणं दोनशे वेळा तरी ऐकलं असेल, मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून. एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मुलगी गुणी आहे, हुशार आहे, असं ती कधी म्हणतच नाही. ती म्हणते, "हिच्या आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी हिचा गणिताचा पेपर होता. पोरीने पेपर दिला, येताना सरपण आणलं, तीन भावंडांना कच्च्या केळ्यांचं मातोके रांधून घातलं, आणि मग दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. आधी नाही." एवढं बोलून खाली बसते. मग वरपक्षाच्या बायका रुमाल शोधायला लागतात.

आता कुंपणाकडे येऊ.

दुसऱ्या शनिवारी मी कुंपणाला डोळा लावला. लाज? सत्तरीनंतर कसली लाज! अंगणात फणसाच्या झाडाखाली माझ्या खुर्च्यांचे दोन पक्ष मांडलेले, समोरासमोर. मधे नालोंगो, आणि तिच्यासमोर उभी एदिसा.

"बोल. काय करतेस?"

"गुरांची डॉक्टर आहे, आत्या."

तिथे सगळ्या तिला आत्याच म्हणायच्या. आमच्याकडे मुलीला शहाणं करायचं काम आईचं नसतं, आत्याचं असतं.

"चांगली डॉक्टर की वाईट?"

"देवाच्या कृपेने चाललंय."

"देव कुठल्या कॉलेजात शिकला?" बायका हसल्या. "परवा चहाच्या मळ्यापाशी गाय अडली होती. वासरू कोणी काढलं?"

"गाईनेच काढलं, आत्या. मी नुसतं धरलं होतं."

इथे माझं हसू फुटलं. मोठ्याने फुटलं.

नालोंगोने मानही वळवली नाही. "कुंपण हसतंय आज," ती म्हणाली. "एरास्तो, चोरून ऐकायचं वय गेलं तुझं. आत ये. आम्हाला वरपक्षाला एक खडूस म्हातारा हवाच होता."

असा मी आत गेलो आणि मला सगळं कळलं.

ही कल्पना तिची नव्हतीच, ती प्रॉसीची होती. प्रॉसीच्या बोलणीला नालोंगो बोलली होती. ही पोरगी पडद्यामागे बसून स्वतःबद्दल ऐकत होती. रडून रडून तिचा रंगवलेला चेहरा वाहून गेला, ती पुन्हा रंगवून बाहेर यायला अर्धा तास लागला. मी बाहेर चारशे माणसांना ताटकळत धरून होतो, म्हणून पक्कं आठवतंय. सहा महिन्यांनी ती नालोंगोकडे आली आणि म्हणाली, "आत्या, नवऱ्यासाठी बोललात, आता माझ्या दवाखान्यासाठी बोला. समोरच्या गल्लीतला दातवाला पोस्टर लावतो, रेडिओवर बोलतो. माझ्याकडे कोणी आलं की मी म्हणते, बघू, प्रयत्न करते. लोक उठून त्याच्याकडे जातात."

"मी बोलणार नाही," नालोंगो म्हणाली. "तुला बोलायला लावते."

प्रॉसीने मैत्रीण आणली, मैत्रिणीने बहीण आणली, आणि माझ्या बारा खुर्च्या लागल्या.

पद्धत अशी. पहिल्या दिवशी एकीने पडद्यामागे बसायचं, म्हणजे नालोंगोच्या पलंगावरची चादर दोरीला टांगून तिच्यामागे. दुसरीने तिच्या बाजूने बोलायचं. समोरच्यांनी नडायचं. मला नडायचं काम फुकट मिळालं, आणि मी ते मनापासून केलं. "नकाशावाल्या बाईने बांधलेल्या पुलावरून माझी बकरी जाईल का?" असलं काहीतरी. पुढच्या खेपेला चादरीमागचीने बाहेर येऊन स्वतःबद्दल बोलायचं, पण "आमची मुलगी" म्हणून. आणि त्यानंतर "मी" म्हणून.

इथेच सगळ्यांची गाडी रुतायची. काळ्या कोटवाली "आमची मुलगी" म्हणताना नुसता धबधबा, आणि "मी" म्हटलं की नळ बंद. मला हे फार नवलाचं वाटायचं. तेच तोंड, तीच बाई, त्याच गोष्टी. शब्द फक्त एक बदललेला. मी घरी आरशासमोर करून पाहिलं. "आमच्या एरास्तोसारखा मांडव कोणी बांधत नाही." झकास. "माझ्यासारखा मांडव..." आणि मला खोकला आला. खरंच आला.

"टोपली झाकून आणतो ना आपण मांडवात?" नालोंगो त्यांना सांगायची. "झाकून आणा. नम्रपणे आणा, गुडघे टेकून आणा. पण मांडवात आल्यावर झाकण काढायचं असतं. तुम्ही झाकलेलीच परत घेऊन जाता. लोकांना वाटतं, रिकामीच होती."

एदिसाची गोष्ट मात्र वेगळी होती. तिच्यापुढे मुदत होती.

आमच्या खोऱ्यातला दूध संघ तीन वर्षांसाठी गुरांचा एक डॉक्टर नेमतो. सहाशे गाईंचं काम. नेमणुकीआधी उमेदवाराने सात जणांच्या समितीपुढे पाच मिनिटं बोलायचं. तीन वर्षांपूर्वी एदिसाही बोलली होती. समितीला गुडघे टेकून नमस्कार केला, उभी राहिली, आणि चांगल्या घरची मुलगी चारचौघांत उभी राहिल्यावर जे करते ते केलं. वंश सांगितला. मी अमक्याची मुलगी, तमक्याची नात, पणजोबा अमक्या टेकडीवर पुरलेत, कूळ उदमांजराचं. वंश सांगणाऱ्याला आमच्याकडे मधेच तोडत नाहीत. तोडलं तर त्याच्या आजोबांना हाताला धरून घराबाहेर काढल्यासारखं होतं. समितीने माना खाली घालून सगळं ऐकलं. पूर्वज संपले तेव्हा अर्धं मिनिट उरलं होतं. त्यात तिने संधी दिल्याबद्दल आभार मानले.

काम गेलं डॉक्टर कावूयाकडे. माणूस वाईट नाही. कोंबड्यांचं त्याला चांगलं कळतं. पण त्याच्या नावाच्या टोप्या आहेत, त्याच्या नावाची पेनं आहेत, आणि अध्यक्ष लुताया त्याच्या आईचा भाऊ आहे.

त्या तीन वर्षांत एदिसाचा दवाखाना वाळत गेला. संघाच्या गाई कावूयाकडे जायला लागल्या. तिच्याकडे उरली अडलेली, मरायला टेकलेली जनावरं, जिथे कावूयाच लोकांना म्हणायचा, "तिला बोलवा, तिचे हात लांब आहेत." या खेपेला काम मिळालं नाही तर ती दवाखाना बंद करून कंपालाला जाणार होती. कोंबड्यांची औषधं विकणाऱ्या एका कंपनीने तिला टेबल-खुर्ची देऊ केली होती.

"वासरांऐवजी बाटल्या," ती नालोंगोला म्हणाली. "पगार चांगला आहे, आत्या."

"मग जा की."

"जायचं नाहीये."

"हे बरोब्बर बोललीस," नालोंगो म्हणाली. "अजून सहा शनिवार आहेत."

सहा शनिवार नालोंगोने तिला पिळून काढलं. तीन गोष्टी निवडल्या, तीन टोपल्या. आडवं आलेलं वासरू. सबंध वाडीत पसरलेला गोचिडांचा ताप. आणि व्याल्यावर कोसळलेली गाय, जी एदिसाने शिरेतून औषध देऊन अर्ध्या तासात उभी केली. मी गळ्यात गाईची घंटा अडकवून अध्यक्ष व्हायचो आणि पाच मिनिटं झाली की वाजवायचो.

"मी एदिसा नाकिगोझी. वडील येलेमिया..."

"थांब!" नालोंगो. "पुन्हा. आजोबांना घरी ठेवून ये म्हटलं ना! मेलेल्या माणसांना गाईचा ताप उतरवता येत नाही."

"पण आत्या, नुसतं नाव सांगून कसं... नागडं वाटतं."

"वाटू दे."

सहाव्या शनिवारी तिने सगळं नीट म्हटलं. चार मिनिटं चाळीस सेकंद. "मी" सात वेळा, आणि एकदाही अडखळली नाही. प्रॉसीने किलकिली केली. मी घंटा वाजवायची विसरलो.

आणि मग मी माती खाल्ली.

सोमवारी न्हाव्याकडे गेलो होतो. गळ्याभोवती फडकं बांधलं की माझी जीभ सुटते. आमच्याकडे म्हातारा असो की म्हातारी, दोघंही जाजा. न्हावी म्हणाला, "काय जाजा, शनिवारी बायकांच्यात बसता म्हणे?" मी म्हटलं, "अरे, त्यांना बढाया मारायला शिकवतोय आम्ही!" आणि एदिसाचं "गाईनेच काढलं, मी नुसतं धरलं होतं" हे नक्कल करून सांगितलं. दुकान हसलं. मीही हसलो. शेजारच्या खुर्चीत तोंडाला साबण लावलेला एक जण हसला नाही. तो कावूयाचा ड्रायव्हर होता. हे मला साबण पुसल्यावर कळलं.

मंगळवारी सकाळी संघाच्या सभागृहात खुर्च्या माझ्याच होत्या, म्हणून मी मागच्या रांगेत होतो. नालोंगो माझ्या शेजारी, पर्स मांडीवर धरून. सभासद शेतकरी सत्तर-ऐंशी तरी होते. आधी कावूया बोलला. छान बोलला. किती वर्षं, किती शिबिरं, कुठल्या कुठल्या देशात. घंटा वाजायच्या आत हसून खाली बसला आणि पेनं वाटली. मलाही एक मिळालं.

मग एदिसा. तिने गुडघे टेकले, नमस्कार केला, उठून उभी राहिली. आणि अध्यक्ष लुताया, घंटा समोर ठेवून, खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "या, डॉक्टरीणबाई. हल्ली शनिवारी बढाया मारायला शिकताय, असं ऐकलंय. मारा. पाच मिनिटं आहेत."

सभागृह हसलं.

मला माझ्याच खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. नालोंगोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता पर्सचा खटका उघडला आणि मिटला.

एदिसाने हातातल्या कागदाकडे पाहिलं. पहिली टोपली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते. आणि मग जे रक्तात असतं तेच बाहेर आलं.

"मी एदिसा नाकिगोझी. वडील येलेमिया किगोझी. आजोबा एरिया, पुरलेत ते बुकासा टेकडीवर..."

नालोंगोने डोळे मिटले. "आणलेच हिने आजोबा," ती पुटपुटली.

माना खाली गेल्या. सगळं तीन वर्षांपूर्वीसारखंच. एदिसा पणजोबांपर्यंत आली आणि थांबली. ती दुसऱ्या रांगेकडे बघत होती. तिथे कालेमेरा बसला होता, आमच्या खोऱ्यातला सगळ्यात अबोल शेतकरी. काय झालं तिच्या मनात, देव जाणे. मी नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "जाजा, पणजोबांच्या पुढचं आठवेना, आणि समोर रोझेटचा मालक दिसला."

"आणि रोझेट," ती म्हणाली. त्याच सुरात. वंश सांगायच्या सुरात.

माना वर आल्या.

"रोझेट, कालेमेरांच्या गोठ्यातली. आई गाजू, आजी बिहोगो. बिहोगो अडली तेव्हा वासराची मान मागे वळलेली होती. दोघं जण म्हणाले, सुरी आणा, निदान गाय वाचवू. मी खांद्यापर्यंत हात घातला. दीड तासाने मान सरळ केली. ती गाजू. गाजूला दुसऱ्या वर्षी गोचिडांचा ताप आला, कानाखाली लिंबाएवढी गाठ. चार दिवस मी गोठ्यात होते. गाजूची रोझेट, पायाळू. तिलाही मीच काढलं. आज ती दिवसाला अठरा लिटर देते."

"एकोणीस," कालेमेरा म्हणाला. वर्षभरातला त्याचा हा दुसरा शब्द असावा.

"एकोणीस," एदिसा म्हणाली. "फेबे जाजांची नामाता. आई किरुंगी, आजी ती लंगडी लाल, पणजी..."

पहिल्या रांगेत बसलेली म्हातारी फेबे, समितीतली एकमेव बाई, तीन गाईंची मालकीण, हात छातीवर घेऊन मान डोलवायला लागली. आपल्या पूर्वजांची नावं ऐकताना डोलवतात तशी. गोठ्यामागून गोठा येत होता. कोण कोणाच्या पोटी, कुठल्या साली, कुठल्या अडचणीतून, कोणाच्या हातून. "मी" तिने किती वेळा म्हटलं ते मोजायचं राहून गेलं. दर वासराला एकदा तरी. आणि तिला एकदाही नागडं वाटलं नाही, कारण आजोबा-पणजोबा सगळे सोबत होते. फक्त ते गाईंचे होते.

पाच मिनिटं केव्हाच झाली होती. लुतायांनी घंटा उचलली.

"लुताया!" फेबे कडाडली. "वंश सांगतेय ती. घंटा खाली ठेव. तुझ्या आईने हेच शिकवलं का तुला?"

घंटा खाली गेली. आतला लोलक वाजू नये म्हणून त्यांना ती मुठीत धरून ठेवावी लागली, ते फार छान दिसलं.

अकरा मिनिटं एदिसा बोलली. शेवटी तिने लुतायांकडेच पाहिलं. "अध्यक्षांची म्वेरू," ती म्हणाली. "आई सोफिया, आजी काळी काबोगो. म्वेरू मेली. मला तिसऱ्या दिवशी बोलावलं. पहिल्या दिवशी बोलावलं असतं तर मी वाचवली असती, असं मला वाटतं. तिचा वंश तिथे थांबला."

एवढं बोलून ती खाली बसली. आभार मानायचं विसरली.

मतं पडली, चार विरुद्ध तीन. एदिसाला काम मिळालं. लुतायांनी मात्र तीन वर्षांचं एकच वर्ष केलं, "आधी बघू" म्हणून. कावूयाला सभासदांच्या कोंबड्यांचं काम मिळालं, आणि तो मनापासून खूश दिसला.

बाहेर येताना मी नालोंगोला म्हटलं, "न्हाव्याकडे मीच बोललो होतो."

"माहीत आहे मला. लुताया ‘बढाया’ म्हणाले तेव्हाच कळलं. तो शब्द तुझाच." थोडं चालल्यावर ती थांबली. "पण सहा शनिवार मी तिला काय सांगत होते, एरास्तो? आजोबांना घरी ठेव."

"हो."

"चुकलं माझं."

चाळीस वर्षांच्या शेजारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी तिला पुन्हा म्हणायला सांगितलं, तर तिने मला पर्स मारली.

पुढच्या शनिवारी तिने वीस खुर्च्या मागितल्या. आता तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी वंश सांगावा लागतो. स्वतःचा थोडा, आणि मग कामाचा. प्रॉसी एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या दाढा सांगते, आजीपासून नातवापर्यंत. पूलवाली सांगते, कुठला पूल कुठल्या पुराच्या पोटी जन्मला. मी अजून वरपक्षाचा खडूस म्हातारा आहे, पण मधे तोडता येत नसल्यामुळे माझं काम फार कमी झालंय.

आणि एक गंमत. चार महिन्यांनी लुतायांची उरलेली गाय अडली. पहिल्याच दिवशी, दुपारी बाराला, त्यांनी स्वतः एदिसाला फोन केला. कालवड झाली, धडधाकट. लुतायांनी तिचं नाव काय ठेवलं? तिओपिस्ता.

ही बातमी मीच नालोंगोला पोचवली, अर्थात. ती लाल झाली. "माझं नाव? गाईला? पोस्टात तीस वर्षं काढली मी!" आठ दिवस तिने खुर्च्यासुद्धा मागितल्या नाहीत. नवव्या दिवशी बघतो तर गोमेसी नेसून, पर्स घेऊन, मोटरसायकलवाल्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली.

"कुठे निघालीस?"

"लुतायांच्या गोठ्यावर," ती म्हणाली. "माझं नाव लावायचं असेल तर मला आधी कळायला नको? आई कोण, आजी कोण, आणि आई किती लिटर देते?"